पडायला आधी उंची लागते : 'नटसम्राट', बूटपॉलिशवाला राजा आणि आपली न लिहिलेली शोकांतिका

गडहिंग्लजमध्ये नुकताच 'नटसम्राट'चा प्रयोग झाला. आपल्याच भागातल्या हौशी कलाकारांनी बसवलेला. कोणी शिक्षक, कोणी पतसंस्थेत कारकून, कोणी दुकान मिटवून तालमीला येणारा. प्रयोग चांगला झाला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचे वाचून 'हिला नाटकच कळले नाही' असे म्हणणारे तयार असतात. अप्पासाहेब बेलवलकर करणाऱ्या कलाकाराने जीव ओतला होता. कावेरी गेली तेव्हा सभागृहात हुंदके ऐकू येत होते. बाहेर पडताना जो तो एकच बोलत होता, जिवंत असेपर्यंत इस्टेट पोरांच्या नावावर करू नये.

माझा आक्षेप त्या रडण्याला नाही. म्हाताऱ्या आईबापांच्या हालांवर रडणारा समाज वाईट नसतो. माझा प्रश्न वेगळा आहे. नाटकाच्या शेवटाकडे फुटपाथवर दोन माणसे आहेत. एक बेलवलकर, एकेकाळचा मोठा नट. दुसरा राजा, बूटपॉलिश करणारा पोरगा. दोघांच्याही डोक्यावर छप्पर नाही. दोघांचीही भाकरी त्या दिवसाच्या कमाईवर आहे. सभागृह एकासाठी रडते. दुसऱ्याकडे बघून त्याला बरे वाटते, 'बघा, रस्त्यावरच्या पोराला माया आहे, पोटच्या पोरांना नाही.' म्हणजे एकाच फुटपाथवर एक माणूस शोकांतिका आहे आणि दुसरा माणूस त्या शोकांतिकेतला दिलासा आहे.

हे असे का होते? बेलवलकर फुटपाथवर येऊन पडले आणि राजा तिथेच होता, म्हणून. एकाचे बेघर होणे ही घटना आहे, दुसऱ्याचे बेघर असणे हे नेपथ्य आहे. आपली अभिजात म्हणवणारी रंगभूमी घटनेवर रडते, नेपथ्यावर रडत नाही. या लेखात मला एवढीच गोष्ट मांडायची आहे आणि ती फक्त नाटकापुरती नाही.

शोकांतिकेचा नियम कोणी केला?

'नटसम्राट' पहिल्यांदा रंगमंचावर आले २३ डिसेंबर १९७० रोजी. दि गोवा हिंदु असोसिएशनची निर्मिती, डॉ. श्रीराम लागू मुख्य भूमिकेत. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची प्रेरणा त्यामागे आहे हे सर्वांना माहीत आहे. राजाच्या जागी नट आला, राज्याच्या जागी इस्टेट आली, तीन मुलींच्या जागी एक मुलगा आणि एक मुलगी आली. सांगाडा तोच राहिला. जो उंचावर होता त्याने हाताने सगळे वाटून टाकले आणि तो खाली आला.

हा सांगाडा शेक्सपिअरच्याही आधीचा आहे. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये शोकांतिकेच्या नायकाची अट घातली आहे. तो नामवंत असावा, समृद्धीत असावा, आणि काही चुकीमुळे त्याचे पतन व्हावे. त्याच पुस्तकात स्वभावचित्रणाविषयी लिहिताना तो म्हणतो की स्त्रीसुद्धा चांगली असू शकते, गुलामसुद्धा चांगला असू शकतो, जरी स्त्री हीन दर्जाची आणि गुलाम तर अगदीच कुचकामी असला तरी. नाट्यशास्त्राचा अभ्यास करणारे पहिली अट पाठ करतात, हे दुसरे वाक्य मात्र वर्गात क्वचितच कोणी काढते. पण दोन्ही एकाच माणसाने, एकाच समाजाकडे बघून लिहिली आहेत. ज्या समाजाची घरकामे आणि खाणी गुलामांवर चालत होत्या, त्या समाजाला शोकांतिकेसाठी गुलाम सापडला नाही. कारण उघड आहे. पडायला आधी उंची लागते.

आता हा नियम जातीच्या समाजात आणून ठेवा. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. इथे प्रत्येकाची पायरी जन्माने ठरते आणि सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला पडायला जागाच नसते. त्याचे हाल म्हणजे पतन नव्हे. ते त्याचे 'असणे' आहे, त्याच्या वाट्याचे 'काम' आहे, 'पूर्वापार चालत आलेले' आहे. त्यामुळे शोकांतिकेचा हा नियम जेव्हा महाराष्ट्रात येतो, तेव्हा तो आपोआप जातीचा नियम होतो. कोणी मुद्दाम ठरवायची गरज पडत नाही.

राजाची जात काय याची चर्चा मला प्रयोगात कुठे ऐकू आली नाही. करायची गरजही कोणाला वाटली नसेल. रस्त्यावर बसून लोकांच्या चपला-बूट हातात घेणे हे या देशात कोणाच्या वाट्याला आले, हे प्रेक्षक सोबत घेऊनच आलेला असतो.

सिंधूचे जाते

हे एकट्या 'नटसम्राट'चे आहे असे कोणी समजू नये. मराठीतली सर्वांत गाजलेली शोकांतिका म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला', १९१९ सालचे. सुधाकर वकील आहे. अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते, दारूचा पहिला प्याला ओठाला लागतो आणि घराची राखरांगोळी होते. त्यात एक प्रसंग आहे ज्यावर शंभर वर्षे महाराष्ट्र रडला. वकिलाची बायको सिंधू लोकांची दळणे दळून पोट भरते. जात्यावर बसलेली सिंधू पाहून प्रेक्षक हेलावतो.

मी विचारते, का हेलावतो? दळण दळणे दुःखाचे आहे म्हणून? मग आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर लोकांची दळणे दळली, शेण काढले, मेलेली ढोरे ओढली, त्यावर एखादा अंक का नाही लिहिला गेला? जात्यात दुःख नव्हतेच. 'आपल्यातली' बाई जात्यावर बसली हे दुःख होते. तिच्या हाताला घट्टे पडले तर ती शोकांतिका. ज्यांच्या हाताला जन्मापासून घट्टे आहेत, त्यांचे हात कोणी पाहिलेच नाहीत.

शिवाय सिंधू जाताना काय करून जाते? नवऱ्याच्या हातून मूल गेले, तिचा जीव जातो आहे, आणि ती पोलिसांपुढे नवऱ्याला वाचवते. मनुस्मृतीने स्त्रीकडून जे मागितले ते सगळे सिंधू देते आणि प्रेक्षक तिला आदर्श म्हणून डोक्यावर घेतो. दारूबंदीचे नाटक म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यात दारू सुटत नाही आणि पातिव्रत्यही सुटत नाही. दारूने आमच्या वस्त्यांतली किती घरे बसली हे मी रोज पाहते. म्हणून मला सिंधूचा त्याग वंदनीय वाटत नाही. मला तिची साक्ष हवी होती.

पडद्यामागचे खरे नटसम्राट

नाटकातले सोडा, प्रत्यक्षातले घ्या. नट म्हातारा झाला, विसरला गेला, हाल होऊन मेला, ही गोष्ट महाराष्ट्रात खरोखर घडली आहे आणि एकदा नाही, अनेकदा घडली आहे. ती तमाशात घडली आहे.

पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मणपण सोडून तमाशात आले, लावणीचे बादशहा झाले आणि १९४५ साली पुण्यात हलाखीत गेले. त्यांच्या आयुष्यावर आजही गहिवरून बोलले जाते. केवढा त्याग, केवढी कला, शेवट कसा झाला! त्यांच्या प्रतिभेबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण त्यांच्या फडाला जिच्यामुळे गर्दी व्हायची ती पवळा कोण होती? संगमनेरजवळच्या हिवरगावची, महार कुटुंबात जन्मलेली मुलगी. बापूरावांनी जात सोडली याची कथा झाली. पवळेला सोडायला जात कुठे होती? ती जातच तिला बोर्डावर उभी करत होती. बापूरावांच्या आयुष्यात पतन आहे म्हणून ते नायक ठरले. पवळेच्या आयुष्यात पतन नाही, म्हणून ती नायकाच्या गोष्टीतले एक पात्र.

बाबासाहेबांना हा फरक बरोबर दिसला होता. महाडच्या लढ्याच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही आठवण चळवळीत सर्वांना माहीत आहे. आमच्या बायका नाचवून मिळालेला पैसा आमच्या मुक्तीसाठी नको, हा त्यामागचा विचार. चळवळीला पैशाची चणचण असताना घेतलेला हा निर्णय आहे. कलेच्या नावाने डोळे भरून येणाऱ्यांनी तो एकदा नीट वाचावा. कलेचे मोल त्यांनी नाकारले नाही. त्या कलेची किंमत कोणत्या देहाने मोजली, हे त्यांनी आधी विचारले.

आणि विठाबाई? भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घरातली. पोटुशी असताना फडावर नाचली, कनातीमागे बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, हे महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. अभिमानाने! बाळंतपणालाही सुट्टी न मिळणे ही ज्या समाजाला लाज न वाटता आख्यायिका वाटते, त्या समाजाची करुणा तपासायला हवी. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही कलावंत २००२ साली आर्थिक ओढाताणीतच गेली. नंतर सरकारने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. 'नटसम्राट'चे शेकडो प्रयोग होत होते त्याच काळात ही खरी सम्राज्ञी गावोगाव ट्रकमधून फिरत होती. तिच्यावर सभागृहे रडली नाहीत. तिकीट काढून शिट्ट्या मारून गेली.

गडहिंग्लजची शोकांतिका कोणती?

आता आपल्या गावाकडे येऊ. हिरण्यकेशीच्या काठच्या या गावाला आणि आजूबाजूच्या खेड्यांना 'घरातून बाहेर काढलेली म्हातारी' बघायला नाट्यगृहात जावे लागते का? सीमेपलीकडे सौंदत्तीचा डोंगर आहे आणि यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या बायका आपल्या वस्त्यांत आहेत. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे दर्शन, डोक्यावर जग, हातात परडी आणि चौंडक्याच्या तालावर दारोदार जोगवा. केसात जट दिसली, घरात आजार आला, मुलगा होईना, की पोरगी देवीला सोडायची. सोडलेल्या पोरी बहुतेक कोणत्या घरातल्या? महार-मांगांच्या. आणि झुलव्याच्या नावाने त्यांना ठेवणारे कोण? ते सांगायला नको.

१९२० साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात जोगत्या-मुरळीच्या प्रथेला आळा घालणारा कायदा केला. गडहिंग्लज तेव्हा संस्थानातच होते. त्याच शाहू महाराजांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर बांधले, ज्याला आज आपण केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळाले तेव्हा सगळा जिल्हा हळहळला आणि ते बरोबरच होते. मलाही वाईट वाटले. पण एकाच राजाने दिलेल्या या दोन गोष्टींपैकी नाट्यगृहाचा अभिमान आपण शंभर वर्षे बाळगला आणि जोगतिणींचा कायदा कधी धूळ खात पडला याची खबरही ठेवली नाही. १९७० च्या दशकात प्रा. विठ्ठल बन्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याच गडहिंग्लजात देवदासी निर्मूलनाची चळवळ पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागली. कर्नाटकाने १९८२ साली कायदा केला. महाराष्ट्राला नवा कायदा करायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

कामानिमित्त अशा कितीतरी आज्यांच्या घरी मी बसले आहे. 'घर' हा शब्द उदार मनाने वापरते आहे. एक आजी मला म्हणाली होती, "लेकी, मला कुणी घरातनं काढलं न्हाई. काढायला घरात घ्याय लागतंय की आधी." तिला 'नटसम्राट' माहीत नाही, ॲरिस्टॉटल तर नाहीच. पण शोकांतिकेच्या नियमावर याहून नेमकी टीका मी एमएच्या कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

कायद्याच्या बाजूने पाहा. मुलाने इस्टेट लिहून घेतली आणि सांभाळ केला नाही, तर बेलवलकरांसाठी २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता कलम २३ खाली परत मागता येते. चांगला कायदा आहे, लोकांना मीही त्याची माहिती देते. पण परत मागायला आधी दिलेले काही असावे लागते. जोगतीण कोणाकडे काय परत मागणार? सोळाव्या वर्षी गेलेले आयुष्य कोणत्या कलमाखाली परत मिळते? कागदावर मुलाच्या बापाचे नाव कोणते लिहायचे, या प्रश्नावर ज्या बायकांनी आयुष्यभर कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांच्यासाठी आपल्याकडे अनुदानाचा अर्ज आहे. शोकांतिका नाही.

साहित्य नव्हते म्हणावे तर तेही नाही. आपल्याच भागातले राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आहेत. उत्तम बंडू तुपे यांची 'झुलवा' आहे. तिच्यावरून चेतन दातारांनी नाटक लिहिले आणि वामन केंद्रे यांनी ते गाजवले. गोष्टी इथल्या मातीतल्या आहेत, भाषा इथली आहे, चौंडके वाजवणारे हात इथले आहेत. तरीही हौशी मंडळी एकत्र बसली की संहिता निघते ती 'नटसम्राट'चीच. का? कारण 'नटसम्राट' पाहून गावातल्या कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही. 'झुलवा' केला तर पुढच्या रांगेतल्या काहींना आपले आजोबा आठवतील.

आक्षेप आणि उत्तरे

आता नेहमीची वाक्ये येतील. त्यांचा आधीच विचार करू.

पहिले, 'दुःखाला जात नसते'. दुःखाला नसेल, पण दुःखाच्या दखलेला आहे. कोणाच्या मरणावर गाव बंद राहते आणि कोणाच्या मरणाला स्मशानभूमीचा रस्ताही मिळत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याने हे वाक्य माझ्यासमोर बोलू नये.

दुसरे, 'शिरवाडकरांवर टीका करता?' तात्यासाहेबांवर माझा वैयक्तिक आरोप नाही. विशीत असताना नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाला पाठिंबा देत ते उतरले होते. त्या काळात त्या जातीतल्या तरुणाने असे करायला हिंमत लागत होती आणि ती नोंद आपण ठेवली पाहिजे. म्हणूनच मुद्दा अधिक गंभीर होतो. इतक्या सहृदय लेखकाच्या हातूनही राजा कडेलाच राहिला, तर दोष एका लेखकाचा नाही, ज्या साच्यात तो लिहीत होता त्या साच्याचा आहे.

आणि साच्यातही जागा होती. मूळ लिअर वादळात सापडतो तेव्हा त्याला पहिल्यांदा जाणवते की आपल्या राज्यात अंगावर धड कपडा नसलेली, छप्पर नसलेली माणसे होती आणि राजा असताना आपण त्यांची फिकीर केली नाही. तिथे तो ऐश्वर्याला सांगतो की जरा या लोकांचे सोस, आणि तुझ्याकडचे जास्तीचे त्यांना दे. विंदा करंदीकरांचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे, उघडून पाहा. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधला राजा रस्त्यावर आला तेव्हा त्याला रस्त्यावरचे लोक दिसले आणि स्वतःचा वाटा दिसला. आपल्या नटसम्राटाला रस्त्यावर आल्यावर स्वतःच्या जुन्या भूमिका आठवतात. 'मी गाडीतून जात होतो तेव्हाही हा राजा इथेच बसलेला असेल' हे मला त्या प्रयोगात कुठे ऐकू आले नाही. लिअरमधून आपण पतन घेतले आणि कबुली गाळली.

तिसरे, 'तुमचे तुम्ही लिहा की!' लिहिले आहे. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी', दत्ता भगतांचे 'वाटा-पळवाटा', संजय पवारांचे 'कोण म्हणतो टक्का दिला?', अलीकडचे राजकुमार तांगडे यांचे 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. गज्वींनी तर 'किरवंत' लिहिले. अंत्यसंस्कार करणाऱ्या ब्राह्मणाला ब्राह्मणच कसे बाटगा मानतात, त्याचे नाटक. डॉ. लागूंनी ते रंगभूमीवर आणले. नीट लक्षात घ्या, दलित नाटककाराला ब्राह्मणाच्या घरातले दुःख दिसले, ते त्याने मायेने लिहिले. उलट दिशेने किती वाहतूक झाली? सहवेदना ही एकेरी रस्त्यासारखी चालणार असेल, तर तिला वैश्विक म्हणू नका.

बुद्धाला काय दिसले?

बौद्ध म्हणून माझा या शोकांतिकेशी आणखी एक झगडा आहे. आपल्याला लहानपणापासून सांगितले गेले की सिद्धार्थाने म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिले आणि घर सोडले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ही कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा आणि मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे त्यांना पटणारे नव्हते. त्यांनी सांगितलेले कारण वेगळे आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला, संघाने युद्धाचा ठराव केला आणि सिद्धार्थाने विरोध केला. कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

हा बदल किती मोठा आहे बघा. म्हातारपण, आजार, मरण यांवर रडता येते, भांडता येत नाही. पाण्याच्या वाटपावर भांडता येते, बोलता येते, तोडगा काढता येतो. पहिली कथा शोकांतिकेची आहे, दुसरी धम्माची. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांविषयीही प्रश्न विचारला. जन्म दुःख, जगणे दुःख, मरण दुःख एवढेच सांगितले तर माणसाला आशा कुठली? त्यांच्या मांडणीत दुःख मान्य करणे हा धम्माचा पाया आहे, पण ते नाहीसे करणे हाही त्याच पायाचा भाग आहे.

शोकांतिका पहिल्या भागावर पडदा पाडते. ॲरिस्टॉटलच्या मते करुणा आणि भीती जागवून मनाचा निचरा करणे हे तिचे काम. निचरा झालेला प्रेक्षक हलका होऊन घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी दारात आलेल्या जोगतिणीला 'पुढे जा' म्हणतो. मला तो निचरा नको आहे. तुंबलेले तुंबलेलेच राहू दे, त्याचा वास येऊ दे, कोणीतरी उठून मोरी साफ करेल.

आपल्याकडे याचे उदाहरण १८५५ पासून आहे. जोतिराव फुल्यांचे 'तृतीय रत्न'. भटजी-जोशी एका शेतकरी जोडप्याला, पोटुशी बाईला, ग्रहांची भीती घालून लुबाडतो. दुसऱ्या कोणी लिहिले असते तर शेवटी घर बुडाले असते, बाई मेली असती, प्रेक्षक रडले असते. जोतिरावांच्या नाटकात ते नवरा-बायको फसवणूक ओळखतात आणि रात्रीच्या शाळेत शिकायला जातात. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे! रडवणारी नाटके घरोघर पोचली, शाळेत पाठवणारे नाटक बासनात राहिले. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना हेही सांगा.

मग करायचे काय?

'नटसम्राट'वर बहिष्कार घाला असे मी म्हणत नाही. बंदीची भाषा आपली नाही. करा 'नटसम्राट', पण तेवढेच करू नका. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड या तालुक्यांतल्या हौशी संस्थांना माझे जाहीर आवाहन आहे. वर्षात एक नाटक असे घ्या ज्यात या भागातले, खालच्या पायरीवरचे माणूस मध्यभागी असेल. 'तृतीय रत्न' घ्या, 'झुलवा' घ्या, 'घोटभर पाणी' घ्या. प्रयोगाला जोगतिणींना बोलवा. देणगीदारांच्या रांगेत बसवा, मागे नको.

आणि आपल्या लोकांनाही दोन शब्द. चौदा एप्रिलला आपण डॉल्बीवर किती वर्गणी घालवतो याचा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतः करावा. त्यातल्या एका रात्रीच्या भाड्यात एक एकांकिका उभी राहते. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे हा आपला वारसा आहे. भीमराव कर्डकांसारख्या माणसांनी ढोलकी घेऊन गावोगाव विचार पोचवला, तेव्हा त्यांच्याकडे ना नाट्यगृह होते ना अनुदान. आपल्याकडे आज समाजमंदिर आहे, मोबाइल आहे, शिकलेली पोरे आहेत. नाही ती फक्त तालीम.

कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींसाठी एक काम देते. राजाचे नाटक लिहा. तोच बूटपॉलिशवाला राजा. तो कोणत्या गावातून आला, आई काय करत होती, शाळा का सुटली, पोलीस हप्ता किती घेतो, पावसाळ्यात कुठे झोपतो. एक दिवस त्याच्या शेजारी फुटपाथवर एक म्हातारा नट येऊन बसतो, हे त्या नाटकात एका प्रवेशापुरते येईल. राजा त्याला भाकरी देईल, कारण राजा मुळात चांगला आहे. पण शेवट त्याच्या मरणाने करू नका. राजाला रात्रीच्या शाळेच्या दारापर्यंत आणून सोडा. पुढचे तो बघून घेईल.

जय भीम!